पोटाशी पाय घेणारी विमाने : आत ओढल्या जाणाऱ्या चाकांचा इतिहास

१/२४
गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावांवरून उडणारा सारस आपले लांब पाय शेपटीच्या रेषेत मागे ताणून धरतो. बदक ते पोटाच्या पिसांत लपवते. पाय खाली लोंबते ठेवून दूरचा प्रवास कोणताही पक्षी करत नाही. माणसाने विमान घडवले तेव्हा मात्र पहिली जवळजवळ तीस वर्षे त्याची बहुतेक विमाने पाय लोंबकळत ठेवूनच उडत राहिली. ते पाय आत घेण्याची विद्या कशी आली, तिची किंमत काय पडली आणि ती ऐन वेळी बिघडते तेव्हा काय करतात, याचा हा इतिहास आहे. त्यात जुहू आहे, नागपूर आहे, ओझर आहे आणि मैदानावर रेडिओच्या लहरींनी उडवले जाणारे छोटे जेटही आहे.

२/२४
राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाला चाके नव्हतीच. ते लाकडी रुळावरून सोडले जाई आणि उतरताना घसरपट्टीसारख्या दोन लाकडी पट्ट्यांवर टेकत असे. १९०६ मध्ये पॅरिसमध्ये सांतोस-द्युमाँ यांनी चाकांवर धावत स्वतःच्या बळावर उडणारे विमान दाखवले. त्यानंतर चाके विमानाची कायमची सोबतीण झाली. ही सोबत जमिनीवर हवीहवीशी आणि आकाशात नकोशी होती. उड्डाणापूर्वीची काही मिनिटे आणि उतरल्यानंतरची काही मिनिटे, एवढ्याच काळासाठी लागणारा हा भार संपूर्ण प्रवासभर वाऱ्याशी भांडत राही.

३/२४
१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू मैदानावर टपाल आणले. भारतीय विमानवाहतुकीचा आरंभ म्हणून ही तारीख सर्वांना ठाऊक आहे. त्यांचे ‘पस मॉथ’ हे विमान स्थिर चाकांचे होते. त्याच्या पायांची एक गंमत सांगण्याजोगी आहे : धक्का शोषणाऱ्या दांड्यांवरील पत्र्याचे आवरण वैमानिकाला नव्वद अंशांत फिरवता येत असे. आवरण आडवे झाले की ते वारा अडवी आणि विमानाचा वेग उतरे. पायांमुळे वाऱ्याला किती अडथळा होतो, हे त्या काळच्या अभियंत्यांना इतके नेमके ठाऊक होते की त्यांनी त्याच अडथळ्याचा ब्रेक बनवला!

४/२४
मग पाय आत का घेतले नाहीत? उत्तर गणितात आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की रोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती आठपट होते. ताशी दीडशे किलोमीटरच्या विमानाला लोंबत्या चाकांचा दंड सोसवत होता. चाके आत घेणारी यंत्रणा बसवली तर तिचे वजन, तिची किंमत आणि तिच्यातील बिघाड यांचा जाच त्या दंडाहून अधिक ठरे. वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या दिशेने चालू लागला तेव्हा हिशेब उलटला. आता वजन परवडू लागले, वारा परवडेना.

५/२४
या वळणावर दोन पंथ होते. एका पंथाने चाकांना विजारीसारखी गुळगुळीत आवरणे चढवली. अमेरिकेतील जॅक नॉर्थ्रप यांची १९३० च्या आसपासची विमाने या पद्धतीची होती. जर्मनीच्या ‘स्टुका’ या बॉम्बफेकी विमानानेही तीच वाट धरली. दुसरा पंथ म्हणाला, चाके पूर्णपणे आत घ्या. आज दुसऱ्या पंथाचा विजय स्वाभाविक वाटतो. १९३० साली तो तसा नव्हता. आवरणे घातलेले पाय हलके होते, स्वस्त होते आणि अडकत नव्हते. वेगाची भूक वाढत गेली म्हणून दुसरा पंथ जिंकला. पहिल्या पंथाची माणसे अडाणी होती म्हणून नव्हे.

६/२४
प्रयोग अर्थातच त्याआधीपासून चालू होते. १९२० च्या गॉर्डन बेनेट शर्यतीसाठी अमेरिकेच्या डेटन-राइट कंपनीने ‘आरबी-१’ नावाचे विमान फ्रान्सला नेले. वैमानिक हाताने दांडा फिरवी आणि चाके विमानाच्या अंगात शिरत. कल्पना काळाच्या पुढची होती, पण एक तार निकामी झाल्यामुळे विमानाला शर्यत अर्धवट सोडावी लागली. याच वाटेवरच्या ‘व्हर्विल-स्पेरी’ या विमानाने १९२४ ची पुलित्झर शर्यत जिंकली. शर्यतीच्या मैदानात सिद्ध झालेली युक्ती प्रवासी आणि लढाऊ विमानांपर्यंत पोहोचायला आणखी सात-आठ वर्षे लागली.

७/२४
१९३१ चे लॉकहीड ‘ओरायन’, १९३३ चे ‘बोइंग २४७’ आणि डिसेंबर १९३५ मध्ये प्रथम उडालेले ‘डीसी-३’ ही प्रवासी विमाने पाय आत घेणारी होती. लढाऊ विमानांत सोव्हिएत रशियाचे ‘आय-१६’ १९३३ च्या अखेरीस आकाशात आले. त्याची चाके आत घ्यायची तर वैमानिकाने एक दांडा ४४ वेळा फिरवायचा! एका हाताने विमान सांभाळायचे आणि दुसऱ्या हाताने विहिरीवरच्या रहाटासारखा दांडा फिरवायचा. नुकत्याच उडालेल्या विमानाची नाक-शेपूट त्या ठेक्यावर डोलत असे.

८/२४
हा केवळ रशियन हट्ट नव्हता. अमेरिकी नौदलाच्या ‘वाइल्डकॅट’ विमानातही सुमारे तीस वेळा दांडा फिरवावा लागे, आणि तो हातातून निसटला तर उलट फिरून मनगटावर आदळे. सुरुवातीच्या ‘स्पिटफायर’मध्ये हातपंप होता. वैमानिक डाव्या हातात नियंत्रणदांडा धरून उजव्या हाताने पंप मारी आणि डावा हात नकळत त्याच तालावर हले. धावपट्टीवरून लाटा खात वर जाणारे विमान दिसले, की नवा वैमानिक पंप मारतो आहे हे जमिनीवरच्या माणसांना कळत असे. माणसाच्या दंडातली ताकद या कामी अपुरी आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

९/२४
पुढे तीन शक्तींनी हे काम वाटून घेतले. पहिली द्रवदाब, म्हणजे हायड्रॉलिक : तेल दाबाखाली नळ्यांतून जाते आणि दट्ट्या ढकलते. जगातल्या बहुसंख्य मोठ्या विमानांनी हीच निवडली. दुसरी वायुदाब : रशियाच्या ‘याक’ लढाऊ विमानांत दाबलेल्या हवेने चाके हलत. हवा हलकी आणि फुकट, पण गळतीला चटकन वश होणारी. तिसरी वीज : जर्मनीचे ‘फॉके-वुल्फ १९०’ हे विमान विजेच्या मोटारींनी पाय उचलत असे. या तिन्ही वाटा लक्षात ठेवाव्यात, कारण अर्ध्या शतकानंतर खेळण्याएवढ्या विमानांनीही त्याच तीन वाटा चोखाळल्या.

१०/२४
शक्ती कोणतीही असो, खरी कसोटी कुलपाची असते. विमान टेकते त्या क्षणी त्याचे सारे वजन आणि आपटण्याचा धक्का पायावर येतो. तो धक्का मोटारीने किंवा तेलाच्या दाबाने पेलायचा नसतो. म्हणून पायाच्या मागे गुडघ्यासारखी सांध्याची दांडी असते. पाय पूर्ण उघडला की हा सांधा सरळ रेषेच्या किंचित पलीकडे जातो. मग भार जितका वाढेल तितका सांधा अधिक घट्ट बसतो. आपण उभे असताना गुडघे किंचित मागे ताठ करून पायांना विश्रांती देतो, तेच हे तत्त्व. सांधा त्या रेषेच्या अलीकडे केसभर राहिला, तर तोच भार पाय दुमडून टाकतो.

११/२४
स्वातंत्र्यानंतर ही विद्या विदर्भाच्या आकाशात रोज रात्री ऐकू येऊ लागली. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. टपालाच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परतत. देशाच्या मध्यभागी असण्याचा नागपूरला मिळालेला हा मान होता. या सेवेच्या आरंभीच्या काळातली विमाने होती ‘डाकोटा’, म्हणजे डीसी-३ चेच भावंड.

१२/२४
डाकोटाच्या चाकांत एक शहाणपण दडलेले आहे. ती आत घेतली तरी पूर्णपणे लपत नाहीत. इंजिनाच्या आवरणाखाली अर्धी बाहेर राहतात. वाऱ्याच्या हिशेबात हा थोडा तोटाच. पण पाय उघडलेच नाहीत आणि विमान पोटावर टेकवावे लागले, तर हीच अर्धी चाके प्रथम जमिनीला लागतात आणि पोट बऱ्यापैकी वाचते. यंत्र कधी ना कधी दगा देणार हे गृहीत धरून केलेली ही रचना आहे. नंतरच्या वेगवान विमानांत चाके पूर्णपणे बंद दारांआड गेली आणि ही सवलत संपली.

१३/२४
यंत्रापेक्षा माणसाची चूक अधिक महाग पडते, हे दुसऱ्या महायुद्धाने शिकवले. उतरल्यानंतर पंखांवरचे फ्लॅप मिटवण्याऐवजी वैमानिक चाकेच आत घेत आणि धडधाकट ‘बी-१७’ धावपट्टीवर पोटावर बसे. अल्फॉन्स चॅपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने पाहिले, की दोन्ही कळा शेजारी आहेत आणि हाताला अगदी सारख्या लागतात. थकलेल्या माणसाला दोष देण्याऐवजी त्याने कळांचे आकार बदलले : चाकांच्या कळीला छोटे चाक, फ्लॅपच्या कळीला पाचरीसारखा आकार. आजच्या प्रवासी विमानातही चाकांची कळ चाकाच्याच आकाराची असते. अंधारात हाताने चाचपून ओळखता यावी म्हणून.

१४/२४
‘फॉके-वुल्फ १९०’चा अभिकल्पक कुर्ट टँक १९५६ मध्ये भारतात आला. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्याच्या मार्गदर्शनाखाली ‘मरुत’ हे भारतीय लढाऊ जेट घडले आणि १७ जून १९६१ रोजी ते प्रथम उडाले. महाराष्ट्रात हा धागा नाशिकजवळच्या ओझरला येतो. १९६४ मध्ये तेथे ‘मिग’ विमानांचा कारखाना उभा राहिला. परदेशातून आलेले भाग जोडण्यापासून आरंभ झाला आणि १९७० मध्ये कच्च्या मालापासून भारतातच घडवलेले मिग-२१ वायुदलाच्या हाती गेले. ज्या परिसराची ओळख द्राक्षे आणि कांदा होती, तेथील हात आता स्वनातीत विमानाचे पाय जुळवू लागले.

१५/२४
मिग-२१ चे पाय ही एक करामतच आहे. त्याचा पंख इतका पातळ, की त्यात चाक मावत नाही. म्हणून पाय पंखात जातो आणि चाक जाता जाता वळून विमानाच्या अंगात उभे बसते. एका हालचालीत दोन दिशा, आणि त्याबरोबर दारांची ठरलेली उघडझाप. क्रम चुकला तर चाक दारावर आपटेल. नेहमीचे काम तेलाच्या दाबावर चाले. तो गेला तर पाय उघडण्यासाठी दाबलेल्या हवेची वेगळी सोय असे. एक वाट बंद झाली तर दुसरी वाट पहिलीवर अवलंबून असता कामा नये, हा नियम येथे धातूत कोरलेला दिसतो. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ ने वायुदलाचा निरोप घेतला.

१६/२४
पाय बिघडला की दुरुस्त करायचा, की बदलायचा? या प्रश्नाचे उत्तर देणारी मोठी यंत्रणा महाराष्ट्रात आहे. वायुदलाच्या अनुरक्षण कमानीचे, म्हणजे देखभाल विभागाचे मुख्यालय नागपूरला आहे आणि तिच्या अखत्यारीतील ११ क्रमांकाचा दुरुस्ती तळ ओझरला. विमानाच्या पायाचे आयुष्य वर्षांत आणि उतरणींत मोजले जाते. ठरलेली संख्या भरली, की वरून निर्दोष दिसणारा पायही उतरवून, सुटा करून तपासतात. कारण धातूची थकावट डोळ्यांना दिसत नाही. हजारो धक्क्यांनंतर आत एक सूक्ष्म भेग जन्मते, वाढते आणि एके दिवशी पाय मोडतो. मोडण्याची वाट न पाहता बदलणे, हा या शास्त्राचा पाया आहे.

१७/२४
आता मोठ्या विमानांकडून छोट्या विमानांकडे वळू. १९३७ मध्ये अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या बंधूंनी ‘गफ’ नावाचे प्रतिरूप विमान रेडिओच्या साह्याने उडवले. प्रतिरूपांना खरे जेट इंजिन मिळायला आणखी जवळजवळ अर्धशतक गेले. १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये टर्बाइनवर चालणारे प्रतिरूप उडाले. त्यानंतर जर्मनीच्या कुर्ट श्रेकलिंगने घरच्या कार्यशाळेत बनवता येईल असे छोटे जेट इंजिन रचले. त्यातील हवा दाबणारे चक्र चक्क प्लायवूडचे होते. पुढे या छंदाची विमाने ताशी तीनशे किलोमीटरच्या घरात पोहोचली. आणि मग १९३० सालचा तोच जुना हिशेब त्यांच्याही समोर उभा राहिला : लोंबते पाय परवडेनात.

१८/२४
प्रतिरूपांच्या पायांनी, छंदवाल्यांच्या भाषेत ‘रिट्रॅक्ट’नी, इतिहास लघुरूपात पुन्हा जगून दाखवला. आधी यांत्रिक पद्धत आली : सर्वो नावाची छोटी मोटार तारेने पाय ओढी. मग वायुदाब आला. विमानात हवेची छोटी टाकी असते, ती उड्डाणापूर्वी पंपाने भरतात. काही रचनांत हवा पाय वर घेते आणि स्प्रिंग खाली सोडते. म्हणजे हवा संपली तरी पाय उघडेच राहतात. शेवटी वीज आली. प्रत्येक पायात एक मोटार आणि एक आट्यांचा दांडा. दांडा फिरतो तसा पाय सरकतो. रहाट, हवा, वीज : मोठ्यांनी चाललेला रस्ता धाकट्यांनीही जवळपास त्याच क्रमाने कापला.

१९/२४
बिघाडांची यादीही ओळखीचीच आहे. वायुदाबाच्या पायात रबरी कडी झिजते आणि हवा गळते. विजेच्या पायात दातेरी चक्राचा दात तुटतो, किंवा आट्यांत धूळ आणि गवताचे तूस अडकते. बहुतेक विद्युत पायांत मोटारीला जोर पडला की वीज तोडणारे परिपथ असते. त्यामुळे किंचित वाकलेली दांडी घासली तरी यंत्र समजते की प्रवास पूर्ण झाला, आणि पाय अर्ध्यावर थांबतो. असा अर्धवट पाय सर्वांत घातक, कारण लांबून तो उघडा दिसतो आणि टेकताच दुमडतो. याशिवाय ज्या लाकडी फळीवर सारी यंत्रणा बसते, ती फळीच खडबडीत मैदानावर उखडून येते.

२०/२४
म्हणून सदोष पाय बदलताना जाणकार आधी कारण शोधतात. मोटार जळाली असेल, तर ती का जळाली? दांडी वाकलेली असेल, तर नवी मोटारही जळेल. नवा पाय घेताना विमानाचे उड्डाणावेळचे वजन, बसवण्याच्या भोकांमधले अंतर, दांडीची जाडी आणि पाय वळण्याचा कोन, या चार गोष्टी जुळाव्या लागतात. एकच पाय बदलला तर डावा-उजवा वेगवेगळ्या वेगाने हलण्याचा संभव असतो. म्हणून बरेच जण जोडी बदलतात. चाके अगदी समांतर किंवा किंचित आत वळलेली ठेवतात. मग विमान आधारावर उचलून पाय अनेकदा उघडमिट करून पाहतात. शेवटी उघडलेला पाय बोटांनी मागे ढकलतात : कुलूप बसले असेल तर तो हलत नाही.

२१/२४
भारतात प्रतिरूप विमानांची शाळा म्हणजे राष्ट्रीय छात्रसेनेची वायु शाखा. नागपूरला तिची महाराष्ट्र वायु तुकडी आहे आणि वायुसैनिक शिबिरांत प्रतिरूप-विमानांच्या स्पर्धा होतात. भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरसारख्या, आयुध निर्माणीच्या भोवती वसलेल्या गावात यंत्रांची ओळख घरातूनच होते. मात्र अशा संवेदनशील आस्थापनेच्या आसपास रेडिओ-नियंत्रित विमान मनाला येईल तसे उडवता येत नाही. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी अशा प्रतिरूपांना शिक्षण, संशोधन आणि मनोरंजनासाठी, २५ किलोपर्यंत आणि नजरेच्या टप्प्यात, सवलती दिल्या आहेत. आकाशाचा नकाशा पाहून मोकळे क्षेत्र निवडण्याची जबाबदारी मात्र उडवणाऱ्याची. पायांच्या शिस्तीइतकीच ही शिस्तही विमानविद्येचा भाग आहे.

२२/२४
ही शिस्त किती मोलाची, ते ६ मे २०२१ रोजी नागपूरने पाहिले. करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. रुग्णाला घेऊन निघालेल्या एका ‘किंग एअर सी-९०’ हवाई रुग्णवाहिकेचे एक चाक नागपूरहून झेपावतानाच निखळून पडले. विमानात रुग्णासह पाच जण होते. वैमानिकाने मुंबई गाठण्याचा निर्णय घेतला. तेथे धावपट्टीवर फेस पसरण्यात आला, अग्निशमन दल सज्ज झाले, आणि विमान उरलेले पाय बाहेर न काढता पोटावर टेकवण्यात आले. ठिणग्या उडाल्या, विमान घसरत जाऊन थांबले आणि सर्व जण सुखरूप बाहेर आले.

२३/२४
उरलेली चाके शाबूत असताना ती का वापरली नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे. एका बाजूचा पाय सक्षम आणि दुसऱ्या बाजूचा अपंग असेल, तर वेग उतरताच अपंग बाजूचा पंख जमिनीला लागतो, विमान त्या अंगाला गरकन फिरते आणि धावपट्टी सोडते. पंखात तर इंधन असते. पोट मात्र दोन्ही अंगांनी सारखे घासते आणि विमान सरळ रेषेत थांबण्याची आशा राहते. प्रतिरूप उडवणारेही हाच धडा गिरवतात : एक पाय अडकला आणि दुसरा उघडला, तर जमल्यास दोन्ही आत घ्यावेत आणि मऊ गवतावर पोटाने उतरावे. विमान दोन मीटरचे असो वा दहा मीटरचे, असमान पायांचे गणित तेच राहते.

२४/२४
आज या परंपरेची पुढची पिढी गोंदियाजवळच्या बिरसी येथे घडते आहे. ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये येथे धावपट्टी बांधली. १ मे १९९९ पर्यंत हा सारा भाग भंडारा जिल्ह्यातच होता. तेथील राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेत नवे वैमानिक आधी स्थिर पायांच्या ‘डायमंड डीए-४०’वर हात बसवतात आणि मग दोन इंजिनांच्या, पाय आत घेणाऱ्या ‘डीए-४२’कडे वळतात. या विमानाचे पाय तेलाच्या दाबाने वर धरलेले असतात. दाब सोडून दिला की ते वजनाने खाली येतात. विद्यार्थी उतरण्यापूर्वी तीन हिरवे दिवे पाहतो आणि मोठ्याने उच्चारतो : नाकाचा एक, डावा एक, उजवा एक. तीनपैकी दोनच लागले, तर तो उतरत नाही. पुन्हा वर जातो.